बेकरीतला काळा बोका

शेवंतीच्या अंगावर एकही काळा केस नव्हता. नाकापासून शेपटीपर्यंत तांबडी; समीक्षाने तिला उजेडात धरून दोनदा पाहिलं होतं.

दिवाळीत ही मांजर हरवली आणि सापडली कट्टा गावच्या बेकरीत, मैद्याच्या पोत्यावर, एका काळ्याकुट्ट बोक्याला टेकून. “आमच्या पेद्रूची पावणी,” बेकरीवाला रॉयस्टन म्हणाला होता. तेव्हापासून शेवंती बेकरीत जायची... आणि शेवंतीला आणायला समीक्षा.

शिमग्यात त्याने लग्नाचं विचारलं. “आईला सांगते,” ती म्हणाली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी ही मुलगी घरी मात्र गप्प राहिली. आता येत्या रविवारी वैभववाडीचे लोक तिला बघायला येणार होते.

आणि आज पडवीत शेवंती व्यायला बसली होती. रॉयस्टन गोणपाट घेऊन हजर!

“पिल्लांचो बापूस कोण गो?” आईने विचारलं.

“पोस्टाकडचो तांबडो बोको असतलो,” रॉयस्टन घाईघाईने म्हणाला. “आमचो पेद्रू तसो न्हय.”

“आता कळेल,” समीक्षा म्हणाली. शिकवायला लागली की ती वर्गातल्या मराठीत शिरायची. “नराला हा रंग फक्त आईकडून मिळतो. म्हणून नर तांबडेच होणार, बाप कोणीही असो. मादीला मात्र एक रंग आईकडून, एक बापाकडून. बाप काळा असेल तर मादी तांबडी-काळी, मिसळलेली.”

“होय, बाई. आणि सगळे नरच झाले तर?” रॉयस्टनने विचारलं.

“पोटात चार लागतायत. चारही नर व्हायची शक्यता सोळात एक. मग तुझ्या पेद्रूवर काहीच सिद्ध होणार नाही.”

“सायबा, मेणबत्ती लावतलंय!” रॉयस्टनने वर बघत हात जोडले.

पहिलं पिल्लू तांबडं. दुसरंही तांबडं.

“सुटलो पेद्रू,” तो कुजबुजला. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं – आणि तिथेच राहिलं.

“अजून नाही. उरलेले दोन्ही नर व्हायची शक्यता चारात एक,” ती म्हणाली.

तिसऱ्याला वेळ लागला. तिघंही गोणपाटावर वाकली. शेवंतीने चाटून चाटून पिल्लू कोरडं केलं... काळं आणि तांबडं, जणू जागोजागी करपलेला पाव.

“मादी!” समीक्षा ओरडली. वर्गात कधी आवाज न चढवणारी समीक्षा!

आई खो खो हसली. “म्हणजे बेकरीवाल्यांच्या घराक आमची सोयरीक झाली मगे! शेवंतीन माका इचारूक पण नाय!”

रॉयस्टनचे कान लालबुंद झाले. त्याने उगाच गोणपाट सारखं केलं. शिमग्यापासून त्याने लग्नाचं पुन्हा विचारलं नव्हतं. नुसता थांबला होता. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या हसऱ्या चेहऱ्याकडे.

“आई, वैभववाडीवाल्यांका रविवारी येव नकात म्हणान सांग.”

आईचं हसू थांबलं. “कित्याक गो?”

“शेवंतीन इचारूक नाय, मी इचारतंय, म्हणान. माका... माका रॉयस्टनाशी लगीन करूचा आसा.”