चंद्राबाईची फुंकर

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची चार घरं आहेत. तिथं शेळी अडली की हाक जायची ती चंद्राबाईला. करडू निपचित पडलं तर ती त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढायची, मागचे पाय धरून त्याला झुलवायची, आणि तरीही हललं नाही तर त्याच्या नाकपुड्यांवर तोंड ठेवून फुंकायची. मग बाजूला थुंकून म्हणायची, "उठा आता, लागा कामाला." बहुतेक करडं उठायची.

पण पौषात भोरच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि तिला चांगलं खडसावलं. जन्मभर चुलीचा धूर ओढून फुप्फुसं पार थकली होती. आत गेलेली हवा बाहेर निघत नव्हती, आतच कोंडून राहत होती. त्यांनी ओढायचा पंप दिला आणि श्वास सोडायची रीत शिकवली. ओठांचा चंबू करायचा आणि कढत चहावर फुंकर घालतो तसा श्वास सावकाश सोडायचा. चंद्राबाई उंबऱ्यात बसून ते इमानेइतबारे करायची.

"म्हातारपणी शीळ घालाय शिकलीस व्हय गं?" तिचा नवरा रायबा तिला चिडवायचा. त्याला भीती वाटत होती, म्हणून चिडवायचा. ह्या बाईवाचून त्याला घास गोड लागत नव्हता, आणि हे त्यानं तिला जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

एका गारठ्याच्या सकाळी काळी शेळी व्याली. करडू पांढरं होतं आणि मेल्यात जमा होतं.

"ऱ्हाऊ दे," रायबा म्हणाला. "जगलं तर जगलं."

"अवं, गरम हाय अजून," म्हणत चंद्राबाई खाली वाकली. तिनं फुंकलं. पुन्हा फुंकलं. करडानं कान झाडले. ती भिंतीला टेकून बसली, हसली, आणि तिला उठताच येईना. ओठ निळे पडले होते.

मुलानं, सिद्धनाथनं, टेम्पो काढून तिला भोरच्या दवाखान्यात नेलं. सोबत सून वर्षाराणी गेली. शेरडं सोडून जाता येत नव्हतं, म्हणून रायबा मागं राहिला. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, ऑक्सिजन लावला. यात रायबाला काही नवल वाटलं नाही. अशी छाती, वर तो गारठा. बाधा काढायला आलेल्या देवऋष्याला त्यानं अंगणातूनच वाटेला लावलं.

करडू खोकू लागलं तेव्हाही त्याला नवल वाटलं नाही. दूध श्वासनळीत गेलं की करडं खोकतात. त्यानं त्याला पोत्यात गुंडाळून उन्हाला ठेवलं. पण खोकून झालं की करडाच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजायची, मध्येच अडकायची आणि पुन्हा सुरू व्हायची. रायबानं काठी खाली ठेवली. ती चंद्राबाईच्या छातीतली शिट्टी त्यानं किती हिवाळे उशाशी ऐकली होती. शेरडं राखणाऱ्याचा कान असा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं करडाचं तोंड पाहिलं. श्वास सोडताना ते ओठ पुढं काढत होतं. त्यांचा चंबू करत होतं.

त्यानं नजर काढून घेतली आणि उगाच गोठा झाडला. झाडलेला गोठा पुन्हा झाडला.

दुपारी वर्षाराणीचा फोन आला. रेंज मिळायची ती फक्त गोठ्याच्या भिंतीपाशी. रायबानं स्पीकर लावून मोबाईल भिंतीवर ठेवला. करडू त्याच्या मांडीवर होतं.

"मामा, आत्यांचा श्वास लई फुलतोय. डॉक्टर पुण्याला न्या म्हनत्यात, मशिनवर ठेवाय. म्या मोबाईल त्यांच्या तोंडापाशी धरते, तुमी बोला कायतरी."

मोबाईलमधून शिट्टी येत होती आणि मांडीवरूनही येत होती. दोन्ही एकदमच अडकत होत्या, एकदमच सुटत होत्या. कोणती कुठली ते कळेना, म्हणून नीट ऐकू यावं यासाठी त्यानं करडाचं तोंड तळहातानं दाबून धरलं.

दोन्ही शिट्ट्या थांबल्या.

"आत्या!" पलीकडून वर्षाराणी ओरडली. "मामा, श्वास थांबला! सिस्टर, अवो सिस्टर!"

त्यानं हात काढला.

पलीकडं कुणीतरी हवा खेचून घेतली. करडानंही घेतली.

पुन्हा करून बघायची रायबाची छाती नव्हती. योगायोग असेल. असेलही. पण ती बाई तिकडं गुदमरत होती, आणि तिचा श्वास इकडं त्याच्या मांडीवर चालला होता. मग त्याला एवढंच सुचलं, जे त्या वस्तीवर कुणालाही सुचलं असतं. त्यानं करडाच्या नाकपुड्यांवर तोंड ठेवलं आणि फुंकलं.

रायबाच्या छातीतून काहीतरी सरकल्यासारखं झालं. त्यानं पुन्हा फुंकलं. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी फुंकत राहिला.

"मामा," वर्षाराणी रडत हसत होती. "ऑक्सिजनचा आकडा वाढतोय बघा. आत्या उठून बसल्या. नळी काढा म्हनत्यात."

रायबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दे तिला," तो म्हणाला. एवढ्या दोन शब्दांनी त्याला धाप लागली.

"अवं," चंद्राबाईचा आवाज आला. मोकळा, खणखणीत, लग्नात होता तसा. "माझ्या तोंडाला बिडीचा वास येतुया. तुमच्या बिडीचा."

त्याला "चंद्रे" म्हणायचं होतं. तोंडातून नुसती शिट्टी आली.

"बरं वाटलं बघा," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, शेजारी बसलेल्या सुनेला ऐकू जाऊ नये असा, "अजून द्या."

रायबानं भिंत धरली. उठायला गेला, तर त्याला उठताच येईना.

"थोडंच ऱ्हायलंय तुमच्यापाशी," ती लाडानं म्हणाली. "द्या की."

करडू त्याच्या मांडीवर उभं राहिलं. पुढचे खूर त्यानं रायबाच्या छातीवर टेकवले आणि तोंड वर केलं.