ठेव म्हणेपर्यंत

"नव्या नवरीच्या फोनात टाकू नको बे दीपक. मेल्या माणसाचा आवाज हाय तो."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या अलीकडे उभी होते. वंदनाताई, म्हणजे माझी नणंद, यांच्याशी कुजबुजत बोलल्या होत्या. पण त्यांची कुजबूज मेहकरच्या स्टँडवरून हिवरा आश्रमापर्यंत जाईल अशी असते. हे त्यांनी माझ्या काळजीनं म्हटलं की त्या आवाजाच्या, ते मला ट्रे खाली ठेवेपर्यंत उमगलं नाही. मी कप दिले. वंदनाताई, हे आणि सासरे, तिघांनी आपापले फोन उलटे करून मांडीवर ठेवले. मी आपली कपबश्यांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. मी सोजराबाईंना कधी पाहिलं नाही. त्या गेल्या आश्विनात, आणि घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकावं म्हणून वैशाखात मी आले. त्यांची ओळख मला त्यांच्या भांड्यांकडून झाली. पोळीचा तवा एका बाजूनं जास्त तापतो, त्या बाजूला त्या पोळी सरकवत नसणार. मिठाची बरणी डाव्या हाताला, म्हणजे त्या डावखुऱ्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं एक नंबर लिहिलेला होता, खाली 'दीपक हापीस'. तो पुसायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. का, ते नाही.

ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. यांच्या पुण्याच्या ऑफिसात कुणी फोन उचलला नाही की निरोप आपोआप रेकॉर्ड होतो आणि मेलला आवाजाची फाइल जोडून येते. गेल्या वर्षी, सासूबाई गेल्या त्या दिवशी, यांचा मोबाइल बंद होता. संध्याकाळी सहा बावन्नला सासूबाईंनी भिंतीवरचा नंबर लावला. हे तेव्हा ऑफिसातून निघून गेले होते. मेल यांनी उघडला तेरावा झाल्यावर. पहिले दोन शब्द ऐकले आणि बंद केला. पुन्हा वर्षभर नाही. यंदा वंदनाताईंनीच हट्ट धरला, की वर्षश्राद्धाला माय सगळ्यांनी मिळून ऐकायची. तेव्हा कुठे यांनी ती फाइल काढून बहिणीला आणि मामाजींना पाठवली. मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव.

आणि मग घोळ झाला.

यांच्या फोनवर ती फाइल अडतीस सेकंदांची होती. "दीपक... जेवला का रे बाबू?" एवढं, आणि पुढे नुसता शांतपणा. वंदनाताईंच्या फोनवर तीच फाइल सव्वा मिनिटाची निघाली. तेच शब्द, मग शांतता, मग बांगड्यांचा आवाज. मामाजींच्या जुन्या फोनवर ती उघडतच नव्हती.

"तुह्या फोनात जास्त काऊन हाय?" यांनी बहिणीला विचारलं.

"मी मोठी हाय म्हणून," वंदनाताई म्हणाल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

यात भुताटकी काही नव्हती. लग्नाआधी दोन वर्षं मी चिखलीच्या एका मोबाइलच्या दुकानात कामाला होते. अशा फाइलींत कधी कधी लांबीची नोंदच नसते, मग प्रत्येक फोन ती आपल्या मनानं ठरवतो. एक अर्ध्यात सोडतो, एक पुढे जातो, एक हात जोडतो. हे मी दोन वाक्यांत सांगू शकले असते. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं मामाजींनी. साडेसहाच्या सुमाराला ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. सुनेच्या चुलीपाशी सासरा सहसा येत नाही, म्हणून मी पदर सावरला. बाहेर अंगणात सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीच्या भुश्याचा, ढीग होता, त्याचा कोरडा, घशाला खवखवणारा वास त्यांच्याबरोबर आत आला.

"पोरी, तू दुकानात होती ना. पाह्य बरं, माह्या फोनात काऊन लागून नाही राह्यलं ते."

"पाहते ना, मामाजी."

ते गेले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले, नजर भिंतीवरच्या खडूच्या नंबरावर.

"तुही सासू फोन कधीच सोता ठेवत नव्हती. समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटे तिले. समोरच्यानं 'ठेव' म्हटलं की मंग ठेवे. कंपनीवाल्या बाईचा फोन आला, त्या रेकॉर्डवाल्या, तरी पुरं ऐके. अन् म्हणे, 'ठेव बाई आता, तुले बी घरी काम असंन.'"

मला हसू आलं. त्यांनाही आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

"त्या दिवशी मी वावरातून आलो, तं ते इथंच बसून होती. भिंतीले टेकून, गहू निसत. फोन कानाले. मी म्हटलं पोराशी बोलून राह्यली, बोलू दे. बाहेर खाटेवर बसलो. म्हटलं, बोलनं झालं का हाक मारंन जेवाले." त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "अर्धा घंटा बसलो पोरी मी. हाकेची वाट पाहत. आत आलो तं... फोन तसाच कानाले."

मला एकदम कळलं, मामाजी रात्री का जेवत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी पाहत होते. 'रातचं पचत नाही' म्हणून उठून जायचे, आणि घरात कुणी आग्रह करायचं नाही.

"मले इतलंच पाह्यजे," ते म्हणाले, "का तिनं मले हाक देली का... अन् मी बाहेर बसून होतो का."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि गेले.

आता त्यांच्या फोनात ती फाइल उघडत नव्हती, तर आपल्याकडे घेऊन उघडून पाहणं, हे दुकानातलं पहिलं काम. वंदनाताईंचं वाक्य मला आठवत होतं. पण ते मला सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते मोडल्यासारखं होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. फाइल माझ्या फोनात घेतली. आवाज बारीक केला. गॅस बंद केला. डाळीचं फुसफुसणं थांबलं आणि घर एकदम लांब गेल्यासारखं झालं.

माझ्या फोनानं लांबी दाखवलीच नाही. नुसता आकडा पुढे सरकायला लागला.

"दीपक... जेवला का रे बाबू?"

आवाज मी मनात धरला होता त्याहून लहान होता, थोडा बसका. मग शांतता. अडतीस सेकंद झाले, यांच्या फोनची हद्द संपली. बांगड्या वाजल्या. सव्वा मिनिट झालं, वंदनाताईंचीही संपली.

आकडा पुढेच जात होता.

सुपात गहू फिरवल्याचा आवाज येत होता. बोटांनी खडे वेचून बाजूला टाकल्याचा. टक्... टक्... ताटलीत. मी अगदी खाली वाकून ऐकत होते. श्वास सावकाश चालला होता, त्यात धाप नव्हती. कुणाला दुखत असल्यासारखं त्यात काही नव्हतं. एखादी बाई उन्हं उतरल्यावर निवांत बसावी, तसं होतं ते.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "सवडीनं बोल."

माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगते, भीतीनं नाही. मला इतक्या मायेनं 'सवडीनं बोल' असं या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तीन मिनिटं झाली. मग मला यांचं सकाळचं बोलणं आठवलं: ऑफिसचं मशीन तीन मिनिटांच्या वर कुणाचंच रेकॉर्ड करत नाही. तोडतं.

चार झाली. पाच.

टक्... टक्...

सहा. मी फोनला हात लावला नाही. लावावासा वाटला नाही, की धजावले नाही, ते आता सांगता येत नाही. खिडकीतून अंधार आत यायला लागला होता आणि दिवा लावायला उठावं, तर माझ्या बांगड्या वाजतील आणि त्यांना ऐकू जातील, असं काहीतरी मनात आलं. मग माझंच मला नवल वाटलं.

आठव्या मिनिटाला फोनातून पाखरांचा आवाज आला.

ती पाखरं नव्हेत. ते घड्याळ. माझ्या माहेरच्या मामांनी रुखवतात दिलेलं, दर तासाला पाखरासारखं वाजणारं. सगळ्यांनी त्याची थट्टा केली होती, आणि शेवटी इथं, स्वयंपाकघरात, खडूच्या नंबराच्या वर ते लागलं. वैशाखात, सासूबाई गेल्यानंतर. सात वाजले की सात वेळा.

फोनात ते सात वेळा वाजलं.

मी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. ते गप्प होतं.

"हे नवं हाय वाटते," फोनात त्या म्हणाल्या. "चांगलं हाय."

टक्... टक्...

फोन तसाच दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून मी बाहेरच्या खोलीत गेले. पैंजण वाजले, वाजू दिले. तिघंही बसले होते. वंदनाताईंची नजर माझ्या ओंजळीवर गेली आणि त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं. मग त्यांना ते ऐकू आलं. सुपाचा आवाज कुणी आपल्या आईचा ओळखतं का? ओळखतं. त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. या घरात बसायला जागा मला तोवर कुणी करून दिली नव्हती. जिथे मोकळी दिसली तिथे मी बसायचे.

हे आकड्याकडे पाहत होते. "बारा मिनिटं?" हे म्हणाले. "मयुरी, हे... इतकं होऊच शकत नाही."

मी मामाजींकडे वळले. "तुम्हाला हाक नाही मारली त्यांनी," मी हळूच सांगितलं. "त्रास नव्हता त्यांना काही. गहू निसत होत्या. वाट पाहत होत्या फक्त."

मामाजींनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. मग आत स्वयंपाकघरात घड्याळ वाजलं, सात वेळा. आमचं, भिंतीवरचं. ते संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मामाजी फोनाशी वाकले, लहान पोराच्या कानाशी वाकावं तसे.

"सोजरा..."

फोनात सूप थांबलं.

खडा पडला नाही. बांगडी वाजली नाही. नुसता आकडा पुढे जात राहिला आणि पलीकडे कुणीतरी कान देऊन असल्याचं चौघांनाही कळत होतं. वंदनाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. यांचे ओठ हलले. 'ठेव' म्हणायचं होतं यांना, मला दिसलं. वर्षभर तो शब्द घशात घेऊन फिरलेले होते. पण तो म्हटला की त्या कायमचा फोन ठेवतील, हेही यांना ठाऊक होतं.

मामाजी माझ्याकडे वळले. "जेवलो म्हणून सांगू का तिले?" त्यांनी मलाच विचारलं. "सगळे जेवले म्हणून?"

मी फोन खाटेवर, आम्हा चौघांच्या मधोमध ठेवला आणि उठले.

"खोटं नका सांगू मामाजी," मी म्हणाले. "मी ताटं वाढते, तुमचंही. जेवा, मग सांगा. तोवर त्यांना 'ठेव' कुणी म्हणू नका."