बारा नंबरची गोलकीपर

२०७१ सालच्या महिला विश्वचषकासाठी बत्तीस देशांनी आपापल्या सव्वीस जणींचे संघ जाहीर केले, तेव्हा त्यांतलं एकही नाव माणसाने निवडलेलं नव्हतं. निवड समित्या होत्या, नाही असं नाही. त्या चहा पीत, फोटो काढून घेत आणि यादीखाली सह्या करत. यादी मात्र गणित काढून देई. एखादी खेळाडू एकटी किती चांगली, हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. तिला बाकीच्या पंचवीस जणींमध्ये बसवलं की सगळा संघ मिळून किती चांगला होतो, ते मोजलं जाई आणि त्या आकड्याला 'मेळांक' म्हणत. मेळांक बसला नाही तर ढिगाने गोल मारणारीही घरी राही. लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की यादी लागल्यावर पानपट्टीवर पूर्वीसारखी भांडणंही होत नसत. गणिताशी कोण हुज्जत घालणार?

शर्वाणी पोवारला मात्र घालायची होती. भारताच्या संघात नियमाप्रमाणे तीन गोलकीपर होत्या. एक नंबरची जर्सी दमयंती घाटगेला मिळाली, बारा नंबरची शर्वाणीला आणि तेवीस नंबरची मिझोरामच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला, जी विश्वचषकाला यायला मिळालं यावरच खूश होती. शर्वाणी एकोणतीस वर्षांची होती. पुढच्या विश्वचषकाला ती तेहतिशीत पोचणार होती, म्हणजे गोलमध्ये उभं राहायचं तर ते याच वेळी. आणि दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरचं नशीब फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. बाकीच्या राखीव खेळाडूंना निदान शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. हिला पहिलीचं हाड मोडल्याशिवाय काही मिळत नाही.

त्यातून दमयंती, म्हणजे दमू, परकी असती तरी एक वेळ चाललं असतं. दोघीही कोल्हापूरच्या, एकाच गल्लीतल्या, चाफेकट्टा तालीम मंडळाच्या मुलींच्या संघातून वर आलेल्या. दमूच्या हातात पहिले ग्लोव्हज घातले ते शर्वाणीने. चेंडू छातीशी कसा घ्यायचा, पेनल्टी मारणारीच्या कंबरेकडे का बघायचं, हे शिकवलं तेही तिनेच. आता तिचंच शिकवलेलं घेऊन ही पोरगी गोलमध्ये उभी राही आणि सारं जग टाळ्या वाजवी. शर्वाणीला दमूचा मत्सर वाटे. थोडाथोडका नाही, तोंड कडू होईल इतका. दमू गाढ झोपते याचा वाटे, तिच्या आईची मुलाखत टीव्हीवर येते याचा वाटे आणि ती आपल्याला अजून 'शरूताई' म्हणते याचा तर सगळ्यात जास्त वाटे.

सामन्याआधी पहिल्या गोलकीपरचे हात गरम करून देणं हे दुसरीचं काम असतं. शर्वाणी वीस मिनिटं दमूवर चेंडू मारत राही. जरा जास्तच जोरात मारी. एखादा तरी सुटावा, सगळ्यांसमोर सुटावा, असं तिला मनापासून वाटे. तो सुटत नसे.

उपांत्यपूर्व सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्ट्या दमूने अडवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्पर्धेसाठी संघ उतरला होता त्या माँटेव्हिडिओच्या हॉटेलात शर्वाणी तडक डॉ. यमुना हर्डीकरांच्या खोलीवर गेली. हर्डीकरबाई पुण्याच्या, मेंदूशास्त्रज्ञ, संघाचं गणित सांभाळणाऱ्या. त्या संत्रं सोलत बसल्या होत्या.

"मॅडम, मला माझा आकडा सांगा. मेळांक नको. मी एकटा किती आहे, ते सांगा." कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात आणि माँटेव्हिडिओला जाऊनही ते सुटत नाही.

"ऐकून काय करणार आहेस?"

"झोप तरी लागेल. ती माझ्यापेक्षा भारी आहे असं एकदा कळू दे, म्हणजे विषय संपला."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि आपल्याला ते येत नाही याचा त्यांना थोडा अभिमानही होता. "शंभरापैकी दमयंती एक्क्याऐंशी. तू चौऱ्याऐंशी."

शर्वाणी पलंगाच्या कडेवर बसली. "मग बाकावर मी का?"

"कोंबड्या पाळल्यायस कधी? पोट भरलेल्या कोंबडीपुढे दाणे टाकले तर ती ढुंकून बघत नाही. पण शेजारी एक भुकेली कोंबडी आणून सोड. पोट भरलेली लगेच पुन्हा टिपायला लागते. का? दुसरीचा डोळा आहे म्हणून. माणसाच्याही मेंदूत असा एक भाग असतो. आपल्याकडे कोण पाहतंय आणि काय हेतूने पाहतंय, याच्यावर तो आपल्या नकळत पाळत ठेवून असतो. मी त्याला 'नजरभान' म्हणते. आपल्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे हे त्याला जाणवलं की सगळी मज्जासंस्था सावध होते. चेंडू सेकंदाच्या विसाव्या भागाइतका लवकर दिसतो. गोलकीपरला तेवढं पुष्कळ."

"पण दमूला कुठं माहीत आहे माझ्या मनात काय चाललंय? ती तर मला देव मानते."

"तिला माहीत नाही, तिच्या मेंदूला आहे. म्हणून तर तुम्हाला एका खोलीत ठेवतो, जेवायला एका टेबलावर बसवतो. तुमच्या मनगटावरच्या पट्टीतून नाडी, घाम, अंगाची ऊब कळते. डोळ्यांच्या बाहुल्या कॅमेरा टिपतो. दुसरीचं कौतुक झालं की या सगळ्यात जो फरक पडतो, त्यावरून असूयांक काढतात. तुझा ब्याण्णव आहे. जगात इतका कुणाचा नाही म्हणतात." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. "तू बाकावर असलीस की दमयंती एक्क्याऐंशीची त्र्याण्णव होते."

शर्वाणीचे कान तापले. आपल्या पोटातली जळजळ ही एकच गोष्ट तिला आजवर पुरती आपली वाटत आली होती, लाज वाटली तरी आपली. तीसुद्धा या लोकांनी कामाला लावली होती.

"उलटं करा की मग. मला गोलमध्ये ठेवा, तिला बाकावर. मी चौऱ्याऐंशीचा कितीवर जाईन?"

"चौऱ्याऐंशीच राहशील."

"का?"

"दमयंतीचा असूयांक चार आहे. त्यातलाही थोडा यंत्राचा दोष असावा. ती तिसरी मुलगी तर अजून फोटो काढण्यात दंग आहे." हर्डीकरबाईंनी संत्र्याची फोड तिच्यापुढे केली. "तुझ्यावर जळणारं कुणी नाही, शर्वाणी."

फोड न घेता शर्वाणी उठली.

पुढचे दोन दिवस ती आणखीच जळत राहिली. तीन आकड्यांनी वरचढ असून बाकावर बसायचं, आणि वर आपल्याच विस्तवावर दुसरीची पोळी भाजून द्यायची! मत्सर सोडून देऊन दमूला खाली आणावं, असंही तिने करून पाहिलं. डोळे मिटून दमूचं चांगलं चिंतलं. संध्याकाळी हर्डीकरबाईंनी वाटेत थांबवून तिची पाठ थोपटली आणि असूयांक पंच्याण्णववर गेल्याचं सांगितलं.

उपांत्य सामन्याच्या आदल्या सकाळी सरावात तिने मारलेला एक चेंडू दमूच्या उजव्या हातावर असा बसला की मधलं बोट मोडलं. मुद्दाम मारला होता का? शर्वाणीने स्वतःला हा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबली नाही. दमू गवतावर बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू नको गं ताई," ती शर्वाणीलाच म्हणाली. शर्वाणी रडत नव्हती. "बरंच झालं. मला लई वाईट वाटायचं, तू नुसती बसून असायचीस. आता जगाला कळंल तू काय आहेस ते. गोल आपल्याच तालमीत राहिला की!"

आणि ती हसली. पुढे कितीतरी दिवस शर्वाणी त्या हसण्यात खोट शोधत राहिली. ती तिला सापडली नाही.

घानाविरुद्धचा सामना भारताने तीन-दोनने जिंकला. जिंकला तो पुढे खेळणाऱ्यांनी. दोन्ही गोल शर्वाणीच्या बोटांपासून चार अंगुळं दुरून गेले, आणि दोन्ही वेळा तिला चेंडू दिसला तो अंमळ उशिरा. बाकावर दमू बांधलेला हात उंचावून ओरडत होती, "काय नाही होत शरूताई, खेळ!" शर्वाणीला त्या मायेचा राग आला. एवढ्या वर्षांनी हक्काची जागा मिळाली होती, आणि ती हिसकावून घ्यावी असं कुणाला वाटतच नव्हतं.

अंतिम सामना ब्राझीलशी होता. आदल्या सकाळी नाश्त्याला हर्डीकरबाई तिच्यासमोर येऊन बसल्या.

"चौऱ्याऐंशीला आपण हरतो. त्र्याण्णवला जिंकतो. मधले नऊ फक्त एकीकडून मिळू शकतात."

"ती जळत नाही म्हणालात ना?"

"कारण तिला जळायला काही दिलेलंच नाही कुणी. खोटं सांगून आणलेली असूया टिकत नाही, दोन तासांत उतरते. ती खऱ्यानेच पेटते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दोघींचे आकडे तिला कळले पाहिजेत. मी सांगितले तर ती ऐकून घेईल. तू सांगितलेस तर तिला लागेल. जबरदस्ती नाही. तू ठरव."

शर्वाणी बराच वेळ पावाचा तुकडा कुस्करत राहिली. दमूला दुखवायचं नाही, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी आनंदाने उठून बसलं होतं. दमू आपल्यावर जळेल! त्या एका गोष्टीसाठी ती आठ वर्षं तरसली होती, हे तिला तेव्हाच कळलं. विश्वचषकाचं तिने स्वतःला सांगितलं ते नंतर.

खोलीत दमू बेसिनपाशी उभी राहून डाव्या हाताने शर्वाणीचे ग्लोव्हज धूत होती. "उद्याला वाळतील का गं? इथं ऊनच न्हाई."

"दमू, तुला एक सांगायचंय. मॅडमनी आपले आकडे सांगितले. एकेकटीचे."

"लई कमी आहे व्हय माझा?" दमू हसत म्हणाली.

"एक्क्याऐंशी."

"आणि तुझा?"

"चौऱ्याऐंशी."

"बघ! मी कायम म्हणतो, तूच भारी." ती अजून हसतच होती. "मग मला का खेळवलं?"

शर्वाणीने सगळं सांगितलं. कोंबड्यांचं, नजरभानाचं, स्वतःच्या ब्याण्णवचं. दमूने नळ बंद केला.

"तू जळत होतीस माझ्यावर?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तुला पहिल्यांदा एक नंबर मिळाला तेव्हापासून. आठ वर्षं."

दमू ग्लोव्हज पिळू लागली. एका हाताने ते नीट पिळले जात नव्हते. "म्हणजे मी जे अडवलं... नॉर्वेच्या त्या दोन पेनल्ट्या..."

इथे थांबता आलं असतं. आकडे सांगून झाले होते आणि हर्डीकरबाईंनी याहून जास्त काही मागितलं नव्हतं. "त्या माझ्या होत्या, दमू," शर्वाणी म्हणाली. "तू एकटी असतीस तर सुटल्या असत्या."

दमूने ग्लोव्हज खिडकीत वाळत टाकले. चिमटा तेवढा लावला नाही. नंतर ती आपल्या पलंगावर बसून हाताच्या पट्टीकडे बघत राहिली आणि जेवायला खाली आली नाही.

अंतिम सामन्याला नव्वद हजार माणसं होती. शर्वाणीला त्यांतलं एकच जाणवत होतं. तिने बाकाकडे एकदाही पाहिलं नाही, पाहायची गरजच पडली नाही. पहिल्याच मिनिटापासून तिच्या मानेवर ते ओझं येऊन बसलं होतं. चेंडू ब्राझीलच्या खेळाडूच्या पायातून सुटण्याआधीच कुठे जाणार ते कळे, हात तिथे पोचलेला असे, आणि मागाहून स्टेडियम ओरडे. असे सात चेंडू तिने अडवले. ती आयुष्यात इतकी चांगली खेळली नव्हती, आणि पुढेही कधी खेळणार नव्हती. भारत एक-शून्यने जिंकला.

पदकं सव्वीसच्या सव्वीस जणींना मिळाली, सारखीच. परतीच्या बसमध्ये गोलकीपर शेजारी शेजारीच बसत, तशा त्या बसल्या. शर्वाणीला आपल्या पोटात चाचपून पाहावंसं वाटत होतं, इतकं तिथे मोकळं झालं होतं. कुठेच काही जळत नव्हतं. दमूचा चेहरा पाहून तिला लहान बहिणीसाठी यावी तशी माया दाटून आली. त्या मायेवर आज पहिल्यांदाच कसलं सावट नव्हतं.

तिने गळ्यातलं पदक काढून दमूच्या मांडीवर ठेवलं. "हे घे. दोन्ही तुझीच. मी पेनल्टीचं उगाच बोललो गं. तुझ्याच होत्या त्या."

दमूने पदक उचललं, आपल्या पदकाशेजारी धरून बघितलं आणि परत दिलं.

"नको. तू मिळवलंयस," ती गोड आवाजात म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पुढच्या आसनांवर निवड समितीचे अध्यक्ष गळ्यात हार घालून बसले होते. त्यांनी हर्डीकरबाईंना विचारलं, "पुढच्या वेळचा काही अंदाज? ही पोवार तर तोवर वयाने जाईल."

"नाही जाणार. गोलकीपर चाळिशीपर्यंत टिकतात. एक नंबरला तीच." बाईंनी मांडीवरच्या पडद्यावर बोट फिरवलं. तिथे असूयांकाच्या रकान्यात चौऱ्याण्णव आकडा दिसत होता. "आणि बारा नंबरला दमयंती घाटगे."

"ती बरी होईल ना पण तोवर?"

"बोट महिनाभरात बरं होईल," हर्डीकरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा मिटला.