किल्ली फिरवण्याआधी

दिवा असू दे. मी भित्री नाही, पण असू दे.

प्रयोगाचा शेवटचा दिवस होता, भर दुपार. आमच्या बोगद्यात कणांचा झोत धातूच्या ठोकळ्यावर आदळायचा. आदळल्यावर ऊर्जा कमी भरली, तर तेवढी न दिसणारं कुणीतरी घेऊन गेलं. तोच कृष्णपदार्थ, डार्क मॅटर, असं आम्ही धरून चाललो होतो. इतक्या वर्षांत हाती भोपळा! "मॅडम, संध्याकाळी टाळं," साहेबांनी सांगून टाकलं होतं. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या ठोकळ्यापाशी गेली होती. हात हलवत घरी जाणार नव्हते मी.

झोत सोडण्याआधी बोगदा फिरून "कोणी आहे का?" अशी हाक द्यायची. उत्तर आलं तर झोत सोडायचा नाही, हा नियम. मी हाक दिली. गार सिमेंटचा वास, दिव्यांची गुणगुण...

"आहे..."

 मी कोपरा न् कोपरा धुंडाळला, ठोकळ्यामागे वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. वर आले, तर आमची सगळी माणसं समोर उभी.

"आम्हीही ऐकलं स्पीकरवर," यंत्र चालवणारे काका हळूच म्हणाले. "थांबायला हवं, पोरी..."

थांबणं म्हणजे चौकशी, आणि मग टाळंच. माझं डोकं सणकलं. बोगद्याचा माईक ओढून म्हटलं, "जन्मभर तुलाच शोधतेय. असशील तर मोजमापात ये! नुसतं बोलून भाव खाऊ नकोस." आणि झोताची किल्ली फिरवली.

पडद्यावर आकडे आले. ऊर्जा कमी भरली होती. काका पडद्याशी वाकले. मला हसू आवरेना.

तेवढ्यात बंद बोगद्यातून, माझ्याच सुरात, हाक आली.

"कोणी आहे का?"

"बोलू नकोस..." काकांनी माझा हात धरला.

मी तो झटकला. "आहे! आम्ही आहोत इथे!"

पलीकडे शांतता. कुणी नीट ऐकून घेतंय अशी. मग किल्ली फिरल्याचा आवाज आला.

आता या दिव्याकडे बघ. बल्ब नवा आहे, तारा नव्या आहेत. मी मोजते ना, म्हणून सांगते, उजेड कमी भरतो. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा कमी. भरू दे! मीही रोज ओरडून सांगते, आहे म्हणून.