पाणी खालून आत, वरून बाहेर

भाईदासच्या दुकानात त्या दुपारी पंप एकच उरला होता, आणि मागणारे आम्ही दोघे होतो.

दुकान शोभेच्या माशांचं. चौक बाजारातून आत शिरलं की डावीकडे. काचेच्या टाक्यांमधला हिरवट उजेड, ओल्या शेवाळाचा वास आणि बुडबुड्यांची अखंड गुडगुड. माझ्याआधी आलेला तरुण काउंटरवर कोपर टेकून उभा होता. शर्टाच्या खांद्यावर, केसांत, अगदी पापण्यांवरसुद्धा सुताची बारीक पांढरी लव बसलेली. पॉवरलूमवरचा माणूस, हे सुरतेत कुणालाही सांगावं लागत नाही.

"केटली माछली छे?" भाईदासने त्याला विचारलं.

"माछली नथी."

"तो पंप शुं करवो छे?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "कॉम्प्युटर थंड करवो छे."

भाईदास हसला, पंप उचलून माझ्यापुढे ठेवला आणि त्या तरुणाकडे हात केला. "ल्यो बेन. आमने तो गरमी चढी गई छे."

मला हसू आलं नाही. मीही तो पंप माशांसाठी नेत नव्हते. मी एका विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. दुपारी आमच्या नळाला धार नसायची, आणि वाफ थंड करायच्या काचेच्या नळीभोवती तर पाणी सतत फिरतं लागतं. म्हणून बादलीत असाच एक पंप सोडून मी तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवत असे. जुना पंप जळला होता.

"कॉम्प्युटरमध्ये पाणी कुठून आत सोडणार?" मी मराठीत विचारलं. त्याच्या गुजरातीच्या हेलावरूनच तो आपल्याकडचा आहे हे कळलं होतं.

तो चमकून वळला. "वरून. वरून खाली आपोआप येईल ना?"

"येईल. पण हवा आत अडकून राहील, आणि हवा असेल तिथे उष्णता जाणार नाही. पाणी खालून आत घ्यायचं, वरून बाहेर काढायचं. म्हणजे आधी सगळं भरतं आणि मगच ओसंडतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तो पंप हळूच माझ्या बाजूला आणखी थोडा सरकवला.

"मॅडम, पंप तुम्ही घ्या," तो म्हणाला. "पण बाकीचं सांगून जा..."

त्याचं नाव योगराज. घर लिंबायतला, पॉवरलूमच्या शेडवर, पत्र्याखाली. वडील त्याच शेडमध्ये जन्मभर माग चालवून गेल्या पावसाळ्यानंतर वारले होते. आता दिवसपाळीला तो त्यांच्या जागी उभा राहत असे आणि उरलेल्या वेळात जोडजोड करून बांधलेल्या कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ-पदर काढत असे. एका व्यापाऱ्याने त्याला सांगितलं होतं, डिझाइनं वेळेवर देत गेलास तर कायमचं काम देतो. पण नक्षी मोठी आणि प्रोसेसर स्वस्तातला. योगराज तो त्याच्या ठरल्या वेगाहून जास्त पळवत होता. तापलेल्या यंत्राचा पंखा खालून उडणारी सुताची लव ओढून घ्यायचा, जाळीवर तिची गादी बसायची आणि अर्ध्या पदरावर पडदा गोठून जायचा.

"म्हणून पंखाच नको," तो म्हणाला. "पेटी बंद करून टाकायची. उष्णता पाण्याने बाहेर न्यायची."

कल्पना बरोबर होती. फक्त सामान सगळं चुकीचं निवडलं होतं.

पुढच्या आठवड्यात भाईदासकडे नवे पंप आले, आणि मला कुणी बोलावलं नसताना मी पुन्हा तिथे गेले. मग योगराजने आणलेला मोटारीचा जुना रेडिएटर बघायला गेले. तो अॅल्युमिनियमचा होता.

"हा नको."

"का? किती हलका आहे बघा."

"प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवणार ना? तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले तर एक धातू झिजतो."

"कुठला?"

"अॅल्युमिनियम."

"म्हणजे हलका असतो तोच झिजतो," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे न बघता, "लिंबायतचा."

"धातूंना पत्ता नसतो," मी म्हटलं.

तो हसला. हसताना त्याच्या पापणीवरची लव हलली. ती आपण बोटाने काढावी असं मला वाटलं... आणि मी ओढणीचं टोक उगीचच मुठीत धरून उभी राहिले.

तांब्याचा ठोकळा भेस्तानच्या एका वर्कशॉपमध्ये करून घ्यायचा होता. कारागीर आत लेथवर काम करत होता, आम्ही बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर. तांब्याचा चकचकीत कीस वाऱ्याने आमच्या पायांशी येत होता. तिथे मी त्याला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं.

"घरी नाशिकहून स्थळ आलंय. त्यांचा होकार आहे. बाबा म्हणाले, अक्षय तृतीयेला संध्याकाळी तुझं उत्तर सांग, म्हणजे मी फोन करतो."

लेथचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"आखाजीला," तो म्हणाला. त्यांच्याकडे, खानदेशात, अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. "मॅडम, मलाही तुम्हाला एक बोलायचंय."

"बोला ना."

"आत्ता नाही. आत्ता मी कोण म्हणून बोलू? मशीन एक अख्खा दिवस न थांबता चाललं तर व्यापाऱ्याला पूर्ण साडी देता येईल. काम पक्कं होईल. मग... त्या दिवशी बोलेन."

"आणि नाही चाललं तर?"

त्याने तांब्याच्या किसाचं एक वेटोळं उचललं, बोटाभोवती फिरवलं आणि ठेवून दिलं. "तर तुम्ही घरी जे सांगायचं ते सांगा."

मला रागच आला. ही अट त्याने एकट्याने घातली होती आणि त्यात दोघांना बांधलं होतं. पण राग बोलून दाखवणं माझ्या स्वभावात नाही. मी फक्त मनाशी ठरवलं, की हे यंत्र आखाजीपर्यंत थंड करायचं.

तांब्या-पितळेचा रेडिएटर काही मिळेना. भंगारवाल्यांकडे हिंडून उन्हात डोकं दुखायला लागलं, तेव्हा आम्ही एका कुंभारणीच्या छपराच्या सावलीत थांबलो. तिने पाणी दिलं. मातीचा गारवा ओठांना लागला आणि मी भांडं हातात तसंच धरून म्हटलं, "रेडिएटर कशाला हवाय?"

"काय?"

"माठ. पंप माठात सोडायचा. माठ झिरपतो, बाहेरून वाळतो, वाळताना उष्णता घेऊन जातो. खिडकीत ठेवला की झालं. त्याला पंखा नको, लवेची भीती नको. रोज भर घालायची तेवढी."

"पण फार गार झाला तर नळ्यांना दव सुटेल. आत पाणी ठिबकेल."

"नाही सुटणार. माठ कितीही गार झाला तरी दव सुटेल इतका गार होत नाही. ते त्याच्या हातातच नसतं."

"नक्की?"

"त्याची मी खात्री देते."

"कशाकशाची खात्री देता हो तुम्ही?" त्याने हळूच विचारलं. मी माठ निवडायला खाली बसले. एकेकाला टिचकी मारून आवाज ऐकला, आत पाणी घालून ओल कुठवर चढते ते पाहिलं. मनासारखा एकच निघाला. गोल, लाल, सगळीकडून सारखा पाझरणारा.

"आईनेही नवी घागर आणायला सांगितलीय, आखाजीला," योगराज म्हणाला. "ती नंतर नेतो. आज ही नळ्यांना लागेल."

ती नंतरची घागर आणायची तो विसरला. मीही आठवण केली नाही.

आखाजीच्या दिवशी मी दुपारी लिंबायतला गेले. महाविद्यालयातून आणलेलं ऊर्ध्वपातित पाणी आदल्या दिवशीच माठात भरलं होतं. सकाळपासून यंत्र चालू असणार होतं. गल्लीत दारोदारी सांजोऱ्यांचा तुपकट वास होता. खानदेशी कारागीर सणाला सुटीवर होते, तरी ओडिया कारागिरांचे माग चालू होते आणि लाकडी जिना नेहमीसारखा थरथरत होता.

वर आले. योगराज खुर्चीत बसला होता. पडदा काळा होता.

"केव्हा?"

"मघाशी. मी आंबे आणायला खाली गेलो होतो."

मी खिडकीकडे बघितलं. खिडकीत माठ नव्हता. तो भिंतीशी गव्हाच्या राशीवर बसला होता. गळ्याला पांढरा दोरा, तोंडावर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज. शेजारी सांजोऱ्या, आंबा, आणि योगराजच्या वडिलांचा फोटो. पंप धुऊन पुसून एका स्वच्छ फडक्यावर ठेवला होता, नळ्या नीट गुंडाळून.

मला समजायला वेळ लागला नाही. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी, त्याच्या नावाने घागर पुजायची, आणि घरात पाण्याने भरलेली नवीकोरी घागर. सुंदराबाईंना, त्याच्या आईला, वाटलं, मुलाने बापासाठी आणलीय.

त्या चुलीपाशी उभ्या होत्या. माझा चेहरा, मग मुलाचा चेहरा बघून घाबरल्या. "काय व्हयनं, माय? मन्हं काही चुकनं का?"

"काही नाही आई," योगराज म्हणाला. "तुझं काही नाही चुकलं."

मग तो माझ्याकडे वळला. डोळे फोटोवर. "मॅडम, बापाच्या नावाची घागर आहे. ती मी मागे घेऊ शकत नाही. दुसरी आणेपर्यंत... दिवस तर गेलाच." तो थांबला. "तुम्ही घरी जा. उशीर नको. तुमचे वडील वाट बघत असतील."

खाली माग खटखटत होते. उष्णता पत्र्यावरून खाली उतरत होती. मी पायऱ्यांपर्यंत गेले. कठड्याला हात लावला.

मी परत फिरले.

"योगराज, यंत्र अख्खा दिवस चाललं पाहिजे ही अट तुमची होती. मला तुम्ही विचारलंच नव्हतं."

तो उभा राहिला.

"प्रयोग फसला तर आपण सामान बघतो, मांडणी बघतो. इतके दिवस मी तेच केलं. पण मी इथे येत होते ते पंपासाठी नाही. भाईदासकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हाही नाही." माझा आवाज मला परका वाटत होता. "आज संध्याकाळी मी बाबांना नाशिकला नाही म्हणून सांगणार आहे. ते विचारतील, का? त्याचं उत्तर मला एकटीला देता येणार नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. पडदा काळा असतानाच बोला."

तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या पापण्या भिजल्यावर ती पांढरी लव एकत्र चिकटली.

"अपर्णा..." तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पंप मी तुमच्याकडे सरकवला ना, त्याच दिवशी सगळं बोलून झालं होतं."

सुंदराबाई ऐकत होत्या. आमचं किती त्यांना कळलं, मला माहीत नाही. त्या घागरीपाशी गेल्या, फोटोकडे बघून हात जोडले, आणि पदराने डोळे पुसून खरबूज उचलून बाजूला ठेवलं.

"आई, नको," योगराज पुढे झाला. "ते बाचं पाणी आहे."

"त्यान्हंच शे," त्या म्हणाल्या. "जलमभर गरमीमा ऱ्हायना तुन्हा बाप. त्यानं पानी त्यान्हा पोऱ्याले नही मिळनार, ते कोनले मिळनार?" मग माझ्याकडे वळल्या. "लाव माय, तूच लाव. तुले समजस ते."

आम्ही दोघांनी घागर उचलून खिडकीत ठेवली. दोरा तसाच राहू दिला. पंप आत सोडला. मी नळी धरली, त्याने ठोकळ्याची तोटी.

"खालून आत," तो पुटपुटला.

"वरून बाहेर."

पाणी चढलं. नळीतली हवा एक लांब बुडबुडा होऊन पुढे सरकली, ठोकळ्यापाशी अडली आणि वर निघून गेली. माझ्या बोटांखाली नळी गार झाली. त्याची बोटंही तिथेच होती. आम्ही ती काढली नाहीत.

निघताना सुंदराबाईंनी सांजोऱ्या केळीच्या पानात बांधून दिल्या. योगराज म्हणाला, "मी येऊ?"

"या. पण आधी मला सांगू द्या. तुम्ही उद्या या. शर्ट झटकून या."

बाबा बाल्कनीत बसले होते. फोन शेजारच्या स्टुलावर. मी पान त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी सांजोरी मोडली, एक तुकडा खाल्ला, आणि चव ओळखीची वाटली नाही म्हणून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुणाकडची गं?"

मी त्यांच्या पायाशी खाली बसले.

"बाबा," मी म्हटलं, "तेच सांगायचंय."