वुडलँड्समागची दगडी माणसं

हे माझ्याच घरात घडलंय. खोटं सांगून मला काही मिळणार नाही, आणि रचून सांगायची ताकदही आता उरलेली नाही.

ऑक्टोबर २००६. रविवार, दुपारचे चार.

तेव्हा आम्ही सिंगापूरला, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहायचो. इंडोनेशियातल्या जंगलांच्या धुराने आठवडाभर आभाळ पांढुरकं होतं. निशिकांत, माझा नवरा, प्रोजेक्टने पिळून निघाला होता. मी नोकरी आणि घरात. बाहेर पडायची इच्छा दोघांनाही नव्हती. पण माझे सासरे रावसाहेब, आमचे बाबा, नागपूरहून आले होते आणि तीन आठवडे नुसत्या भिंती बघत होते.

म्हणून निघालो. सोबत आमची सहा वर्षांची एकता.

फ्लॅटच्या मागे रान होतं. पायवाटेने अर्धा तास चाललो आणि…

दगडांची माणसं दिसली.

दोन दगडांचे पाय, वर आडवी फरशी, त्यावर डोक्यासारखा गोल दगड. छातीएवढी उंच. प्रत्येकाचा एक हात लांब केलेला.

"कॅनडात इनुइट लोक असे दगड रचतात," निशिकांत म्हणाला. "बर्फात वाट कळावी म्हणून. पण इथे कोणी रचले?"

पाच होते. पाचवा ढासळलेला.

मग जाणवलं… किड्यांची किरकिर थांबली होती. पानही हलत नव्हतं.

बाबा त्या ढासळलेल्या दगडांवर टेकले. "दमलो रे. तुम्ही व्हा पुढे."

आम्ही वीसेक पावलं गेलो असू.

मागून आवाज आला. टक्… दगडावर दगड ठेवल्यासारखा.

पुन्हा. टक्…

एकता वळली. शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, आजोबा स्टँडिंग सो फनी लाह."

बाबा उभे होते. पाय फाकलेले. एक हात आडवा, ताठ. डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती.

"बाबा!" निशिकांतने त्यांना ओढलं. मीही ओढलं. दोघांच्या जोरानेही ते जागचे हलेनात.

आणि एकदम… हलके झाले. हात खाली आला. ते चालू लागले.

मी मागे पाहिलं. पाचवा दगडी माणूस पुरता उभा होता.

आम्ही कुणीच त्याला हात लावला नव्हता.

घरी आल्यावर बाबा सोफ्यावर बसले. लांब श्वास सोडला.

"किती वर्षांनी बसलो…"

सकाळची बुद्धवंदना त्यांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. दुसऱ्या दिवशी आठ वाजले तरी बसूनच.

"बाबा, वंदना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती कशी म्हणतात गं?"

पुढच्या रविवारी निशिकांत एकटाच रानात गेला. तासाभरात परत आला. बूट चिखलाने भरलेले. दारातच खाली बसला.

"बाबा घरात आहेत ना?"

"आहेत की. सकाळपासून हलले नाहीत."

"मग तिथे मला 'निशू' म्हणून हाक कोण मारत होतं?"

निशू फक्त बाबाच म्हणायचे. घरात बसलेल्या त्या माणसाने त्याला त्यानंतर एकदाही तशी हाक मारलेली नाही.

आम्ही पुन्हा तिथे गेलो नाही. जायला हवं होतं का, हे एकमेकांना विचारतही नाही.

आता आम्ही नागपूरला असतो. ते बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. आत्ताही आहेत. मी चहा नेऊन ठेवते…

तोंडाकडे बघत नाही.