दादानं पाडलेलं भोक

जुना सिंथेसायझर चालू केल्या केल्या सुरात लावायचा नसतो. आधी तो तापू द्यायचा. थंड असताना लावलेले सूर तापल्यावर सरकतात, आणि मग गिऱ्हाईक बोंब मारतं की यंत्र बिघडलं! दादा गेल्यापासून दुरुस्तीच्या दुकानात ही पोपटपंची मीच करते.

त्या दुपारी दादाचा मित्र आला. आता मोठा संगीतकार झालाय. बगलेत दादाचंच यंत्र. दादा गेल्यावर 'आठवण म्हणून' नेलं आणि त्यावर दादानं बांधलेली धून खुशाल स्वतःच्या नावावर खपवली. रेडिओवर ती लागली की आई उठून आत जाते. माझं तर टाळकंच सरकतं.

"हे भोक बुजव," तो म्हणाला. "आतली जोडणीही काढून टाक."

मागच्या पत्र्याला भोक पाडून दादानं माइक लावायची सोय केली होती. या यंत्राचा खर्ज असा दणदणीत, की टेबलावरचे स्क्रू नाचतात. दादाच्या जोडणीमुळे माणसाचा आवाजही त्याच खर्जातून गाळून निघायचा.

"चांगली सोय आहे की. का काढायची?"

"मध्येच बोलतं ते. माझ्याच आवाजात."

"माइक लावलेला असेल."

"नसतो गं." त्यानं घाम पुसला.

मी यंत्र चालू केलं. भोकात काही खुपसलेलं नव्हतं, बोट घालून पाहिलं. पत्रा हळूहळू कोमट झाला.

"आटप लवकर," तो म्हणाला.

"आटप लवकर," यंत्र म्हणालं. स्क्रू थरथरले.

मी झटकन हात मागे घेतला. यंत्र बंद केलं, झाकण काढलं, दादाच्या दोन्ही वायरी कापल्या. खात्रीसाठी पुन्हा चालू केलं.

"झालं?" आवाज फक्त यंत्रातून आला. त्याचे ओठ तेवढे हलले होते.

त्यानं गळा धरला. "हे काय केलंस? जोड परत! जोड!" सगळं यंत्रातून.

खोटं कशाला बोलू? भीती वाटत होती, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं.

"जोडून बघते," मी म्हटलं. "आधी सांगा, धून कोणाची?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं होऊनही मान ताठ.

"माझी," यंत्र म्हणालं.

मी आवाजाची खुंटी सावकाश शून्यावर नेली.

तो ओरडत होता. टेबलावर मुठी आपटत होता. मुठींचा आवाजही येत नव्हता.

आतून आईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.